गाडी मिसिंग आहे

आमच्या बाईंसमोर ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणायची कोणाची टाप नव्हती. चुकून कोणी म्हणालंच, तर त्या हातातलं काम थांबवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "कोणी करायचं? तुम्ही का मी?" समोरचा हमखास गडबडायचा, कारण असं म्हणणाऱ्याच्या मनात स्वतः काही करायचं कधीच नसतं. त्यांच्या व्हॅनमध्ये तर नियमच होता. जो हा शब्द बोलेल त्यानं पुढच्या सिग्नलला उतरायचं. एकदा त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान आमच्याबरोबर बसले होते. अंगानं भरभक्कम. मधल्या सीटवर ऐसपैस पसरले आणि आम्हाला म्हणाले, "जरा अ‍ॅडजस्ट करा की, बायांनो." बाईंनी निगडीच्या चौकात गाडी कडेला घेतली आणि मागं वळूनही न बघता म्हणाल्या, "दाजी, इथून पिंपरीला बस मिळते." दाजी हसले. बाई हसल्या नाहीत. शेवटी दाजी उतरले.

तेव्हा आम्ही ओढणीत तोंड घालून हसलो होतो. बाईंचं डोकं जरा फिरलेलंच आहे, असं आमचं सगळ्यांचं मत होतं. आता त्याच कंपनीत मी लाइन बघते. रोज कोणी ना कोणी मला अ‍ॅडजस्ट करायला सांगतं, आणि रोज मला वाटतं, डोकं बाईंचं नव्हे, बाकीच्यांचं फिरलेलं होतं.

बाई म्हणजे आमच्या लाइन लीडर. चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांचं वायरिंग तयार होतं. लांबलचक बोर्ड असतात, त्यावर रंगीबेरंगी वायरी टाकायच्या, टोकांना कनेक्टर बसवायचे, टेप गुंडाळायची. सगळ्या बायकाच. मी लग्न होऊन उदगीरकडून रावेतला आले आणि वर्षभरात या कामाला लागले. पहिल्या दिवशी बाईंनी मला विचारलं, "गाव?" मी आधी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव नको, गाव सांग. लाइनवर चार पूजा आहेत. एकीला हाक मारली की चौघींचे हात थांबतात." झालं, त्या दिवसापासून मी उदगीर. शेजारी जिंतूर, तिच्या पलीकडे पाटण. बाई आता निवृत्त होऊन नागपूरला बहिणीकडे राहतात, पण अजूनही फोन आला की पहिला शब्द "उदगीर, जेवलीस का?" हाच असतो. माझं खरं नाव त्यांना आठवत असेल याची मला खात्री नाही.

वायरिंगच्या कामात एक साधा नियम असतो. कनेक्टर ढकलायचा, ‘टिक’ असा आवाज ऐकायचा, आणि मग उलटा ओढून बघायचा. ढकल, ऐक, ओढ. बाईंनी हा नियम कंपनीबाहेर सगळ्या जगाला लावला होता. खुर्चीवर बसायच्या आधी त्या खुर्ची ओढून बघायच्या. आमच्या डब्यांच्या कड्या, पिशव्यांचे बंद, बाथरूमची कडी, सगळं ओढून झाल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. कोणा मुलीचं लग्न ठरलं की विचारायच्या, "मुलगा ओढून बघितलास का?" म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. जिंतूरच्या नणंदेच्या लग्नात तर त्यांनी नवरीला आशीर्वाद देता देता नुकत्याच घातलेल्या मंगळसूत्राचा फासा ओढून बघितला. तो निघून हातात आला. मांडवात हाहाकार उडाला, नवरीची आई रडायला लागली. बाई शांतपणे म्हणाल्या, "रडता कशाला? गर्दीत निघाला असता तर गेलाच असता. सोनाराला बोला." मग स्वतःच्या पर्समधली सेफ्टी पिन काढून त्यांनी तो जोडला आणि जेवायला बसल्या. ओळखीच्या बायकांनी त्यानंतर बरेच दिवस त्यांना लग्नाला बोलावलं नाही.

बाई पिंपरीच्या. वडील तिथल्याच एका कारखान्यात कामगार होते. तो कारखाना आता बंद आहे, त्या जागेवर टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या आहेत. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल त्या एवढंच बोलायच्या, "ओढून बघितलं, सुटलं." रोज सकाळी मोठ्यानं ‘जयभीम’ म्हणून त्या व्हॅनची चावी फिरवायच्या. ती व्हॅन त्यांनी जुनी घेतली होती, आणि घेतली होती आमच्यासाठी. कंपनीची बस पर्मनंट लोकांना होती. आम्ही कंत्राटी. बस आमच्या डोळ्यांदेखत अर्धी रिकामी निघून जायची आणि आम्ही रावेतच्या रस्त्याला हात करत उभ्या. "जागा आहे तर बसवा की यांना," असं बाईंनी ऑफिसात जाऊन सांगितलं होतं. तिथल्या साहेबांनी काय उत्तर दिलं असेल? मॅडम, जरा अ‍ॅडजस्ट करा. महिन्याभरानं बाई व्हॅन घेऊन आल्या.

त्या हॉर्न वाजवत नसत. तळवड्याच्या चौकात, चाकणच्या रस्त्यावर, कंटेनरच्या गर्दीत माणूस हॉर्नशिवाय कसा जगेल? बाई काच खाली करून बोलायच्या. "ओ कंटेनर! घर आणलंय का बरोबर?" ड्रायव्हर वरून वाकून बघायचा, खाली एक चष्मेवाली बाई कंपनीचा एप्रन घालून बसलेली. बहुतेक जण जागा द्यायचे. न देणाऱ्याला पुढच्या जॅममध्ये गाठून बाई पुन्हा बोलायच्या, आणि त्या रस्त्यावर पुढचा जॅम कधीच लांब नसतो.

आता पाटणबद्दल सांगते. पाटण म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या पाटणकडची, आमच्यातली सगळ्यात नवी आणि सगळ्यात चलाख पोरगी. मी एक बोर्ड पूर्ण करेपर्यंत हिचा दीड व्हायचा, आणि तोंड बंद नाही. नवरा बिचारा साधा, घरात शब्द चालायचा थोरल्या दिरांचा. त्यांनी कामाला जाऊ देताना एकच अट घातली होती. बाईंच्या गाडीतून जायचं, बाईंच्या गाडीतून यायचं. दुसऱ्या कशात बसलेली दिसली की काम बंद. बाईंनी पाटणचं नाव पर्मनंटसाठी वर कळवलं होतं. कंत्राटी पोरींमधून एखादीलाच ते मिळायचं. तिला ते मिळालं असतं तर कंपनीची बस, सुट्ट्या, कायमची नोकरी, सगळं आलं असतं. फक्त नक्की होईपर्यंत एकही खाडा व्हायला नको होता. पाटणला ताप आला तरी ती यायची. "एवढं होऊ दे," म्हणायची, "मग दिरांना मीच गाडीत बसवून फिरवीन."

आणि नेमकी त्याच सुमाराला व्हॅन गॅरेजला गेली.

काम क्षुल्लक होतं. एका टेम्पोनं मागचं दार चेपलं होतं आणि क्लच जड लागत होता. रावेतच्या पुलाअलीकडे एक गॅरेज आहे. मालक मूळचा तिथल्याच गावचा, जमिनीवर इमारती झाल्या, उरलेल्या तुकड्यावर यानं शेड टाकलेली. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. बाईंनी गाडी आत घेतली तेव्हा त्यानं त्यांच्या खांद्यावरून मागं बघितलं आणि विचारलं, "मिस्टर न्हाई आले?"

"मिस्टर नाहीत. गाडी माझी आहे."

"तसं न्हाई ताई, गाडीचं बोलायचं म्हंजी... बरं, चार दिवसांत देतो."

गणपतीच्या आधी आत गेलेली गाडी दिवाळी होऊन गेली तरी तिथंच होती. सुरुवातीला पेंटर गावाला गेला होता. मग गणपती. मग पितृपक्ष, पितृपक्षात कोण नव्या कामाला हात लावतंय? मग पार्ट मागवला होता, तो मुंबईहून येत होता, बहुधा चालत. दसऱ्याला आम्ही गेलो तर आमच्या व्हॅनला झेंडूचा हार घातलेला. पूजा झाली होती, हळदकुंकू वाहिलं होतं, दार तसंच चेपलेलं होतं. बाईंनी तो हार ओढून काढला आणि भाऊच्या टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "ताई, देवाधर्माचं असं करू नये."

त्या सगळ्या काळात बाई स्वतः आमच्याबरोबर सिटी बसनं यायच्या. पिंपरीच्या बाई, पण सकाळी रावेतला येऊन आम्हाला गोळा करायच्या, दोन बस बदलून चाकणला न्यायच्या, आणि संध्याकाळी पुन्हा रावेतपर्यंत येऊन पाटणला तिच्या दारात सोडायच्या. दिरांना दारातूनच सांगायच्या, "गाडी आली की गाडीनं. तोवर मीच गाडी." दीर मान हलवायचे. "ठीक आहे, पण तात्पुरतं." बाईंचे गुडघे तेव्हापासून कामातून गेले, असं मी आजही ठासून सांगते.

दिवाळीनंतर गाडी मिळाली. दार ठीक, क्लच ठीक, आणि आम्ही देहूच्या फाट्यापर्यंत पोचलो नाही तोच तिनं पहिला झटका दिला. मग दुसरा. चढ आला की ती थरथरायची, खोकायची, दम तुटल्यासारखी व्हायची आणि सपाटीला येऊन पुन्हा जरा सावरायची. गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात. गाडी मिसिंग मारते, गाडी मिसिंग आहे, मिसिंग काढून घ्या. इंजिनात चार सिलिंडर असतात, त्यातला एक कामच करत नाही. आमच्या लाइनवर चौघींपैकी एक हात बांधून उभी राहिली तर बाकीच्या तिघींचं जे होईल, तेच इंजिनाचं होतं.

बाई गाडी घेऊन परत गेल्या. भाऊ म्हणाला, "पेट्रोल खराब आसंल." पेट्रोल बदललं. मग प्लगवर कचरा बसला होता म्हणे, ते साफ केले. मग एअर फिल्टर. मग म्हणाला, "लई दिवस उभी हुती ना, म्हणून. चालवा, आपोआप सुटंल." लई दिवस उभी कोणामुळं होती, हे विचारायची सोय नाही! आणि सगळ्यात शेवटी, चेहऱ्यावर अगदी समजूतदार भाव आणून, तो म्हणाला, "ताई, राग मानू नका, पर बायामान्सांचा पाय क्लचवर जड पडतो. गाडीला झेपत न्हाई."

चोर तो चोर, वर शिरजोर. पण तो चोर आहे हे आम्हाला तेव्हा कुठं माहीत होतं?

बाईंना वेगळाच संशय होता. त्यांच्या मते हा वायरिंगचाच दोष, कोणीतरी कनेक्टर ओढून बघितला नाही. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, बाईंनी सीट उचलली आणि दिसेल तो कनेक्टर ओढायला सुरुवात केली. मी आणि जिंतूर दोन्ही बाजूंनी वाकून. सगळे घट्ट होते, तरी बाई ओढत राहिल्या. शेवटी एक चांगला धडधाकट कनेक्टर त्यांच्या हातात तुटून आला आणि गाडी सुरूच होईना. तो नवा आणून लावेपर्यंत अर्धा दिवस गेला, आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी, म्हणजे तशीच खोकत, सुरू झाली. बाई त्या दिवशी फार चिडल्या. आमच्यावरच. "दोघी नुसत्या बघत बसलात!" म्हणाल्या. आम्ही दुसरं काय करणार होतो, ते त्याच जाणोत.

अशा गाडीनं आम्ही जात राहिलो, कारण पर्मनंटची नावं महिनाअखेरीला नक्की होणार होती आणि तो महिना संपत आला होता. एका संध्याकाळी, ओव्हरटाइम करून परत येताना, तळवड्याच्या पुढं गाडी जी बंद पडली ती पडलीच. मागं कंटेनरची रांग, सगळे हॉर्न वाजवतायत. आम्ही ढकलली, बाजूला घेतली. अंधार पडला. पाटणच्या फोनवर दिरांचे फोन येत होते आणि ती प्रत्येक वेळी "आलेच, आलेच" म्हणत होती. शेवटी बाईंनी एक ओळखीचा टेम्पो थांबवला, ड्रायव्हर वयस्कर, कंपनीत माल आणणारा. पाटणला आणि जिंतूरला त्यात बसवलं. मी आणि बाई गाडीपाशी थांबलो.

दीर कोपऱ्यावरच उभे होते. भावजय टेम्पोतून उतरली, एवढंच त्यांना दिसलं. तो ड्रायव्हर तिच्या वडिलांच्या वयाचा होता, शेजारी जिंतूर बसली होती, गाडी बंद पडली होती, हे सगळं त्यांना सांगून झालं. ऐकणाऱ्याला ऐकायचं असेल तर ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसनं जायला निघालो तर पाटण आली नाही. बाई तिच्या घरी गेल्या. सासूनं दार अर्धंच उघडलं. "तिला गावाला धाडलंय," म्हणाली. "तात्पुरतं."

त्यानंतरच्या गुरुवारी बाई मला म्हणाल्या, "चल, पोलिसात जाऊ." त्यांच्या डोक्यात काय होतं, मला ठाऊक नाही. इतके महिने गाडी अडकवून ठेवायची आणि वर बिघडलेली द्यायची, याला काहीतरी कायदा असेल असं त्यांना वाटत होतं. व्हॅन कशीबशी खोकत चौकीपर्यंत आली. आम्ही ती बाहेर लिंबाच्या झाडाखाली लावली आणि आत गेलो. टेबलामागं एक हवालदार भजी खात बसले होते. बाईंनी समोरची खुर्ची ओढून बघितली, पण बसल्या नाहीत.

"बोला," हवालदार म्हणाले.

"माझी गाडी मिसिंग आहे."

हवालदारांनी भज्यांचा कागद बाजूला सारला. "कुठून मिसिंग?"

"गॅरेजमधून."

"गॅरेजमधून? कोणत्या?"

बाईंनी गॅरेज सांगितलं. "अरे, तो तर ओळखीचा आहे आपल्या," हवालदार म्हणाले. त्यांनी लगेच फोन लावला आणि हात तेलकट म्हणून स्पीकरवर टाकला. "काय रे भाऊ, एक बाई आल्यात माझ्याकडं. व्हॅन मिसिंग आहे म्हणतात. तुझ्या गॅरेजमधून. काय भानगड आहे ही?"

हवालदारांना वाटत होतं गाडी चोरीला गेली. बाईंच्या मते इंजिन बिघडलं. आणि भाऊला यातलं कोणतं ‘मिसिंग’ ऐकू आलं, देव जाणे. खाई त्याला खवखवे, एवढं मात्र खरं.

"सायेब," तो म्हणाला, "त्यात काय न्हाई. एक कॉइल तेवढी काढल्याली. ती बी तात्पुरती."

हवालदार गोंधळले. "कसली कॉइल? मी गाडीचं विचारतोय. गाडी कुठाय?"

"गाडी तर त्यांच्यापाशीच हाय की, सायेब!"

हवालदारांनी बाईंकडं बघितलं. "बाई, गाडी कुठं आहे?"

"बाहेर उभी आहे," बाई म्हणाल्या. "त्याला विचारा, कॉइल कसली."

मग सगळं बाहेर आलं. सिलिंडरमध्ये ठिणगी पाडायला कॉइल लागते, प्रत्येकाला एक. आमची व्हॅन कोपऱ्यात उभी असताना चाकणच्या कुठल्याशा कंपनीच्या साहेबांची गाडी अडली होती. साहेबांना अर्जंट होतं. नवी कॉइल यायला वेळ होता. म्हणून यानं आमच्या व्हॅनची चांगली कॉइल काढून साहेबांना बसवली आणि कुठल्यातरी भंगारातली, मरायला टेकलेली कॉइल आम्हाला. नवी आली की बदलणार होता. मग ते राहून गेलं. "गॅरेजात चालतं ओ हे," भाऊ फोनवर सांगत होता, "उभ्या गाडीचं सामान लोक वापरत्यातच. ह्यांची तर उभीच हुती."

उभीच होती! दाबून ठेवणारा तूच, आणि उभी होती म्हणून लुटणाराही तूच. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पेट्रोल बदलायला लावलं तेव्हा माहीत होतं, प्लग साफ केले तेव्हा माहीत होतं, बायामाणसाचा पाय जड पडतो म्हणाला तेव्हाही माहीत होतं. मी ऐकत होते आणि माझे कान तापले होते. एवढी वर्षं झाली, आजही हे सांगताना तापतात. मी बाईंकडं बघितलं. मला वाटलं आता त्या टेबल उलटं करतील. पण त्या कधी नव्हे त्या मुकाट्यानं खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून.

अर्ध्या तासात भाऊ नवी कॉइल घेऊन चौकीच्या आवारात हजर झाला. लिंबाखाली उभं राहून त्यानं ती बसवली. काम इतकं लहान होतं की हवालदारांचा चहा संपायच्या आत संपलं. चावी फिरवली, गाडी सुरू झाली, आणि तिचा आवाज पूर्वीसारखा एकसारखा येऊ लागला. भाऊ हात पुसत हसला. हवालदार म्हणाले, "चला, मिटलं. मी त्याला समज दिलीय. तुम्हीपण आता जरा अ‍ॅडजस्ट करा, बाई."

मी डोळे मिटून घेतले. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुमची चौकी आहे म्हणून मी उतरते. माझी गाडी असती तर तुम्ही उतरला असता." हवालदारांना काहीही कळलं नाही.

तिथून आम्ही थेट पाटणच्या घरी गेलो. दीर घरीच होते. मला वाटलं होतं भांडण होईल, पण त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पंखा लावला, चहा मागवला. त्या चहाचाच मला जास्त राग आला. बाईंनी सगळं सांगितलं. कॉइल कोणी काढली, गाडी का बंद पडली, पाटणचा त्यात काय दोष. दीर मान हलवत ऐकत होते. "तुमचं पटतं मला," ते म्हणाले. "गॅरेजवाल्यानं वाईटच केलं. पण आता ती तिकडं रमलीय. आमची म्हातारी आजी आहे तिथं, तिच्याजवळ कोणीतरी हवंच होतं. बरंच झालं म्हणायचं."

"तिचं पर्मनंटचं होतं," बाई म्हणाल्या. "फक्त या महिन्याचा प्रश्न होता."

"असेल. पुढं कधी बघू."

पुढं कधी काय बघणार? महिना संपला, पाटणच्या जागी दुसऱ्या लाइनवरच्या एकीचं नाव गेलं. आम्ही पाटणला फोन करायचो. सुरुवातीला ती उचलायची, खूप बोलायची, लाइनवर काय चाललंय ते खोदून खोदून विचारायची. मग फोन सासूकडं असायला लागला. मग नंबरच बंद झाला.

महिना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी आम्हाला रावेतहून घेतलं आणि पुलाकडं जायच्या ऐवजी गाडी गॅरेजच्या दारात उभी केली. इंजिन बंद केलं नाही. भाऊ शेड उघडत होता. आम्हाला बघून पुढं आला, आता चांगलं तोंड करून. "काय ताई? आता मिसिंग न्हाई ना?"

बाई खाली उतरल्या. मी काच खाली केली होती, मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"कॉइल दिलीस," बाई म्हणाल्या, "आता माझी पाटण दे."

"पाटण?" भाऊनं डोकं खाजवलं. "पाटणला जायचंय व्हय ताई? मग न्या की बिनघोर. आता काश्मीरला न्या, बंद पडणार न्हाई."

मला वाटलं, आता सांगतील. पाटण म्हणजे कोण, तिनं ताप अंगावर कसा काढला, तिचं काय गेलं. पण त्या गाडीकडं वळल्या. त्याला सांगून कळलं असतं असं मलाही वाटत नाही. जे त्यानं घेतलं ते त्याच्या शेडमध्ये कधी आलंच नव्हतं, तर परत काय देणार?

बाई गाडीत बसल्या. पूल, देहूचा फाटा, तळवडे, तो सगळा चढउताराचा रस्ता गाडी न अडखळता गेली. एक झटका नाही, एक खोकला नाही. त्या सुरळीत चाललेल्या इंजिनाचा मला इतका संताप आला की चाकण येईपर्यंत मी कानांवर हात ठेवून बसले.